फोल्डर वापरात आहे

साहेब, तुम्ही खोटं बोललात. माझ्या बहिणीच्या तोंडावर, चारचौघांत, खुर्चीत मागे रेलून, गळ्यात दोरीला लोंबणाऱ्या चष्म्याशी चाळा करत बोललात. "तुमचे मिस्टर त्या दिवशी इमारतीत आलेच नाहीत. हजेरीच्या मशीनवर त्यांचं बोट नाही. माणूस घर सोडून गेला तर त्याला संस्था काय करणार?" असं म्हणालात, आणि चहात पडलेली माशी करंगळीनं काढून कप पुन्हा तोंडाला लावलात. मी बहिणीच्या मागे उभी होते. तुम्ही माझ्याकडे बघितलंही नाहीत. बघितलं असतंत तर पुढे तुमच्याच इमारतीत मला कामावर घेतलं नसतंत.

बोट नाही, हे खरं. ते कधीच नव्हतं. जन्मभर ग्रीस आणि लोखंडात हात घातलेल्या माणसाच्या बोटांवर रेषा उरत नाहीत. तुमचं मशीन माझ्या भाऊजींना कधी ओळखायचंच नाही. ते रोज सकाळी बोट दाबायचे, मशीन रोज नाही म्हणायचं, आणि वॉचमन हसून हात हलवायचा, "जा हो उलटेराव, त्या डबड्याला अक्कल नाही." मग मुकादम हातानं त्यांची हजेरी भरायचा. हे सगळ्या इमारतीला ठाऊक होतं. तुम्हालाही होतं. भाऊजी दिसेनासे झाले आणि आठवडा उलटायच्या आत त्या वॉचमनची बदली झाली, तीही तुम्हाला ठाऊक असेलच.

उलटेराव का, ते सांगते. भाऊजी लिफ्टची कामं करायचे. कामाला हात घालण्याआधी अंगातला शर्ट काढून उलटा घालायचे. शिवणी बाहेर, खिशाचं अस्तर बाहेर, मानेमागचं लेबल बाहेर. "तेल लागायचं ते आतल्या बाजूला लागू दे, बाहेरची बाजू घरच्यांसाठी," म्हणायचे. काम संपलं की हातपाय धुऊन शर्ट सुलटा. ताई चिडवायची, "लोकांचे नवरे घरी दमून येतात, आमचे पाहुण्यासारखे येतात." चिडवायची, पण त्या वेळेला दारात उभी असायची.

मी शाळा अर्ध्यात सोडली. कॉम्प्युटर शिकले ते एका झेरॉक्सच्या दुकानात, गिऱ्हाइकांची बोलणी खात. लिहायला तर कुणीच शिकवलं नाही, त्यामुळे मला गोल गोल लिहिता येत नाही. तुमच्याकडे आले ती पोटासाठी. भाऊजींचा माग काढायला शिरले असं कुणी समजू नये, तेवढी शहाणी मी नव्हते. कंत्राटदाराला फायली लावणारं माणूस हवं होतं, मला काम हवं होतं, आणि माझं आडनाव ताईच्या आडनावाहून वेगळं आहे. एवढंच.

खोली दुसऱ्या मजल्यावरची, जिन्याच्या कडेची. आधी तिथे झाडू आणि फिनेल ठेवत असावेत, तो वास अजून फरशीत होता. दोन टेबलं, दोन मशीनं, उघडत नसलेली एक उंच खिडकी, आणि मागची भिंत. त्या भिंतीपलीकडे जुन्या सामानाच्या लिफ्टची पोकळी आहे, गच्चीपासून तळघरापर्यंत. लिफ्ट काढून टाकलेली, दारं विटांनी बुजवलेली. तरी दुपारी पाठ टेकली की भिंत कोमट लागायची, आणि फिनेलच्या खालून कधी कधी दुसरा एक वास यायचा. जुन्या ग्रीसचा. मी म्हटलं, आत लोखंड राहिलं असेल.

दुसऱ्या मशीनवर एक ऑपरेटर बसायचा. जेवण झालं की बसल्या जागी डोळे मिटायचा, म्हणून त्याला सगळे डुलकी म्हणत. माणूस वाईट नव्हता. पहिल्याच दिवशी मला म्हणाला, "बाई, इथे दोन गोष्टी सांभाळायच्या. तुमच्या खुर्चीचं मागचं चाक आणि मॅडमचा मूड. चाक निदान आधी कुरकुरतं तरी." मॅडम म्हणजे आमच्या विभागाच्या प्रमुख.

काम काय होतं, तेही सांगायला हवं, कारण हे पत्र तुमच्याशिवाय इतरही वाचतील आणि त्यांना तुमच्या इमारतीचा नियम ठाऊक नसेल. नियम तुम्हीच केलेला. नळ बदला, दिवा बदला, दाराची कडी बदला, काम सुरू करण्याआधी एक फोटो काढायचा आणि काम झाल्यावर एक. 'आधी' आणि 'नंतर'. 'नंतर'चा फोटो काढल्याशिवाय काम संपलं असं धरायचं नाही, आणि माणसानं जागा सोडायची नाही. तुम्ही हे इतकं डोक्यात भरवलं होतं की प्लंबर लोक गळती थांबली तरी तिथेच उभे राहायचे, कुणाचा तरी फोन मिळेपर्यंत. 

त्या फोटोंचा वर्षानुवर्षांचा ढिगारा झाला होता. जुन्या मशीनांवर, फोनमधून उतरवलेले, कुणी कुठेही टाकलेले, एकाच फोटोच्या चार चार नकला. ते सगळं एका मशीनवर आणून लावायचं होतं. फाइल मॅनेजर उघडायचा. डावीकडे फोल्डरांचं झाड, उजवीकडे निवडलेल्या फोल्डरातल्या फोटोंची छोटी छोटी चित्रं. मजल्याचं एक फोल्डर, त्यात जागेचं, त्यात कामाचं, आणि कामाच्या फोल्डरात 'आधी' आणि 'नंतर'ची जोडी. या फोल्डरातून उचल, त्यात टाक. नाव बदल. दुबार असेल तर काढ. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू. सगळीकडे कचरा करून ठेवणाऱ्या लोकांच्या जगातली एक खोली तरी मी झाडून लख्ख करत होते.

तळघर सगळ्यात शेवटी घेतलं. त्यात सामानाच्या लिफ्टचं फोल्डर होतं, आणि त्यात एक काम, 'खड्ड्यातलं लोखंड काढणे'. लिफ्टच्या तळाशी माणूस बुडेल एवढा खोल चौकोनी खड्डा असतो, त्यातलं काम. 'आधी'चा फोटो होता. 'नंतर'चा नव्हता. त्यानंतर वेगवेगळ्या बाजूंनी काढलेले खड्ड्याचे आणखी काही फोटो, आणि मग एकदम शेवटचा, खड्ड्याच्या जागी सिमेंटची सपाट जमीन. पाहणीला बाहेरची मंडळी यायची होती म्हणून तुम्ही घाईनं खड्डा भरून घेतलात, हे इमारतीतल्या बोलण्यातून मला आधीच ठाऊक होतं. भाऊजी नाहीसे झाले त्याच दिवशी.

'आधी'च्या छोट्या चित्रात खड्ड्याच्या तळाला एक माणूस उकिडवा बसलेला होता. पाठमोरा.

मी फोटो उघडला. खड्डा रिकामा होता. चार भिंती, एक लोखंडी शिडी, कोपऱ्यात गंजकं पाणी. बंद केला. छोट्या चित्रात माणूस.

मी घाबरले नाही. मला राग आला. असं का होतं ते मला ठाऊक होतं. फाइल मॅनेजर प्रत्येक फोटोचं छोटं चित्र एकदा बनवून वेगळ्या जागी जपून ठेवतो. खरा फोटो नंतर कुणी बदलला, तरी कधी कधी छोटं चित्र जुनंच राहतं. झेरॉक्सच्या दुकानात एका मुलीचा पासपोर्ट फोटो बदलला होता, तरी फोल्डरात दोन दिवस पहिलीच मुलगी दिसत होती. म्हणजे इथेही कुणीतरी फोटो बदलला होता. माणूस असलेला काढून त्याच नावानं माणूस नसलेला ठेवला होता, आणि छोटं चित्र पुसायचं विसरला होता.

मी चित्रांचा आकार शेवटच्या टोकापर्यंत वाढवला. आता तो तळहाताएवढा दिसत होता, रवाळ, कडा फाटलेल्या. चेहरा नाही. पण मानेखाली पाठीवर एक पांढरा चौकोनी ठिपका होता. शर्टाचं लेबल.

मी खूप वेळ त्या ठिपक्याकडे बघत बसले. मग डुलकीला हाक मारली.

"काय झालं, हँग झालं का?" तो खुर्ची सरकवत आला.

"या चित्रात काय दिसतं तुम्हाला?"

त्यानं वाकून बघितलं. हसरा चेहरा तसाच राहिला, पण मागचं हसू गेलं. 

"खड्डा," तो म्हणाला.

"आणि खड्ड्यात?"

"बाई, मला दोन पोरी आहेत." एवढं बोलून तो आपल्या जागेवर गेला. थोड्या वेळानं तिकडूनच म्हणाला, "जुनी छोटी चित्रं पुसून टाका. नवीन बनतील. मग काही राहणार नाही."

डोकं ठिकाणावर असलेल्या माणसाचा सल्ला होता. आधी मी पुरावा म्हणून पडद्याचा फोटो माझ्या फोनवर घेतला. फोनमधल्या फोटोत सगळं आलं होतं, डावीकडचं झाड, फोल्डरांची नावं, माझ्या बोटाची सावलीसुद्धा. छोट्या चित्रात खड्डा रिकामा होता. पुन्हा घेतला. पुन्हा रिकामा. डोळ्यांना पडद्यावर माणूस दिसत होता आणि फोनला दिसत नव्हता.

मग मी साठवलेली सगळी छोटी चित्रं पुसली. उजवीकडे कोऱ्या कागदांच्या खुणा आल्या. मशीन एकेक फोटो नव्यानं वाचून एकेक चित्र बनवू लागलं. 'आधी' आला. माणूस होता. त्याच्या पुढचा आला. त्यातही होता. पहिल्यांदा फक्त एकात होता तो आता खड्ड्याच्या प्रत्येक फोटोत होता, ज्या बाजूनं फोटो काढला असेल त्या बाजूनं दिसत होता, आणि प्रत्येकात पाठमोराच. शेवटचं चित्र सिमेंटच्या जमिनीचं. ते बनायला वेळ लागला. बनलं ते नुसतं काळं.

फोटो उघडला की लख्ख सिमेंट, वर दिव्याची चमक. छोटं चित्र काळं.

त्या दिवशी मी जेवले नाही. 'आधी'ची नक्कल दुसऱ्या फोल्डरात टाकून बघितली. तिथे खड्डा रिकामा. तीच नक्कल परत आणून टाकली. माणूस आला. म्हणजे फोटोत काही नव्हतं. जे होतं ते त्या फोल्डरात होतं.

संध्याकाळी ताईच्या घरी गेले तर ती कपड्यांच्या घड्या घालत होती. तिच्या सासूबाई बाजेवर. भाऊजी गेल्यापासून त्या घरात एकच बोलणं शिल्लक होतं, फक्त माणसं बदलायची.

"शेजारच्या म्हणत होत्या," सासूबाई म्हणाल्या, "स्टेशनावर दिसला म्हणे. बरोबर कुणी होती."

"कुणी होती तर चांगलंच आहे की," ताई घडीवरची नजर न काढता म्हणाली. "त्यांना एकट्याला चहासुद्धा करता येत नाही."

"तुला चेष्टा सुचते."

"मग काय करू आई? तुमच्या मुलानं बायको टाकली असं रोज ऐकते मी. रडून झालं. आता उरलंय तेच करते."

मी तिला मोरीपाशी नेऊन सांगितलं. सगळं, आहे तसं. ती नळाखाली हात धरून ऐकत राहिली. पाणी बंद करायचं तिला सुचलं नाही.

"लेबल दिसलं?"

"ठिपका दिसला."

"उद्या मी येते. तुझा डबा विसरलाय म्हणून येते." मग नळ बंद करून म्हणाली, "मला तुमच्या त्या साहेबांकडून काही नको गं. नोकरी नको, भरपाई नको. ते पळून गेले नाहीत, एवढं कुणीतरी म्हणायला हवं. खड्डा फोडा आणि बघा, एवढंच माझं म्हणणं आहे."

ती आली. जेवणाच्या सुट्टीत, हातात रिकामा डबा. डुलकीनं तिला बघितलं, काय समजायचं ते समजला आणि दार लोटून बाहेर उभा राहिला. मी तिला माझ्या खुर्चीत बसवलं. फोल्डर उघडलं.

ताईनं पडद्याला हात लावला नाही. पुढे वाकली फक्त. तिचा श्वास काचेवर उमटत होता आणि जात होता.

"काम चालू आहे त्यांचं," ती म्हणाली.

"ताई."

"शर्ट उलटा आहे ना. म्हणजे काम चालू आहे. घरी निघाले असते तर सुलटा केला असता." आवाज अगदी साधा होता, भाजी काय आणू विचारावं तसा. "उजवा हात बघ. वर धरलाय. काही तरी सोडवतायत."

मी बघितलं. आदल्या दिवशी हात गुडघ्यावर होता.

जाताना तिनं मागच्या भिंतीला तळवा लावला, तापलेलं पोर बघतात तसा, आणि तसाच ठेवून थोडा वेळ उभी राहिली. मग डबा घेऊन गेली.

त्यानंतर रोज सकाळी मी ते फोल्डर उघडायचे. माणूस रोज थोडा हललेला असायचा. कधी शिडीशी, कधी कोपऱ्यात. कधी नुसता भिंतीला कपाळ टेकून. एका सकाळी दोन्ही हात डोक्याच्या वर, तळवे उताणे, वरून पडणारं काही अडवावं तसे. त्यानंतर तो पुन्हा उकिडवा बसला, आणि त्याच्या भोवतीचा तळ करडा झाला. आधी पावलांपर्यंत, मग गुडघ्यांपर्यंत. ताई रोज संध्याकाळी विचारायची, "आज?" मी काहीतरी सांगायचे. करडं सांगितलं नाही.

मग तुमचा निरोप आला.

मॅडम दारातच उभ्या राहून म्हणाल्या, "तळघरातलं ते लिफ्टचं फोल्डर काढून टाका. बंद झालेल्या कामाचे फोटो कशाला साठवायचे. साहेबांनी स्वतः सांगितलंय."

"साहेबांना तळघरातलं एक फोल्डर कसं आठवलं हो?" मी विचारलं.

"तुम्हाला पगार आठवणीचा मिळतो की कामाचा?"

"मॅडम, 'नंतर'चा फोटो नाहीये त्यात. नियमाप्रमाणे काम संपलेलं नाही. कसं काढू?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मूर्ख नव्हत्या त्या. नियम तुमचाच होता, मी फक्त तो परत केला होता. "उठा," म्हणाल्या. "मी काढते."

मी उठले नाही. त्यांनी खुर्चीच मागे ओढली. चाक निखळलं, मी भिंतीवर आदळले. भिंत गरम होती.

मॅडमनी उभ्यानंच फोल्डर निवडलं आणि काढायचा आदेश दिला. पट्टी सरकू लागली. एकेक फोटो जाताना दिसत होता. 'आधी' गेला. खड्ड्याचे सगळे गेले. सिमेंटची जमीन गेली. मी ओरडले असेन, मला आठवत नाही. ताईला आता मी काय दाखवणार होते?

पट्टी थांबली. पडद्यावर सूचना आली. फोल्डर काढता येत नाही. फोल्डर दुसरीकडे उघडलेलं आहे.

"तुझ्या मशीनवर बंद कर," मॅडम डुलकीला म्हणाल्या.

"माझं मशीन सकाळपासून चालूच केलेलं नाही, मॅडम."

त्यांनी मागची नेटवर्कची वायर उपटली. आता त्या मशीनला बाहेरचं कुणीच पोचू शकत नव्हतं. पुन्हा आदेश दिला.

फोल्डर दुसरीकडे उघडलेलं आहे.

पुन्हा.

वापरात आहे.

मॅडमनी फोल्डर उघडलं. उजवी बाजू पांढरी, खाली लिहिलेलं, शून्य फायली. 

"रिकामं तर आहे," त्या म्हणाल्या.

आणि आम्ही तिघं बघत असताना त्या पांढऱ्यावर एक खूण उमटली. कोऱ्या कागदाची. खाली नाव.

नंतर.

"हे कुणी टाकलं?" मॅडमनी विचारलं. वायर त्यांच्याच हातात होती.

फाइलचा आकार शून्य होता. म्हणजे आत काही नाही. वेळ त्याच मिनिटाची. त्यांनी उघडायचा प्रयत्न केला, मशीन म्हणालं, ही फाइल उघडता येत नाही. तेवढ्यात छोटं चित्र बनू लागलं. वरून खाली, ओळ ओळ.

आधी काळं.

मग मध्ये उजेडाचा एक चौकोन, काडेपेटीएवढा.

चित्र खड्ड्याचं होतं. पण वरून काढलेलं नव्हतं. खालून काढलेलं होतं.

चौकोनाच्या कडेला तीन डोकी वाकलेली होती. एक टोपीवालं, मुकादमाचं. एक गवंड्याचं, त्याच्या हातातलं घमेलं तिरकं झालेलं आणि त्यातून काही करडं सुटलेलं. तिसऱ्याचा चष्मा गळ्यात दोरीला लोंबत होता.

"हे तर साहेब," मॅडम म्हणाल्या, आणि त्यांनी स्वतःच्या तोंडावर हात ठेवला.

डुलकी खाली बसला. फरशीवरच.

मॅडम त्या दिवसापासून रजेवर आहेत. तुम्हाला त्यांनी काय सांगितलं ते मला ठाऊक नाही. मला अजून कामावरून काढलेलं नाही, कारण त्या खोलीत बसायला दुसरं कुणी तयार नाही. फोल्डर आहे तिथेच आहे. तुमच्या माणसांनी दोनदा येऊन मशीन साफ केलं. सगळं गेलं, माझं वर्षभराचं काम गेलं, ते फोल्डर राहिलं.

मी रोज उघडते. फोल्डरात ती एकच फाइल असते. वेळ नेहमी आत्ताची असते. रिफ्रेश केलं की मिनिट पुढे गेलेलं असतं.

चौकोन मोठा होतोय.

पहिल्या दिवशी काडेपेटीएवढा होता. मग पोस्टकार्डाएवढा. मुकादम आणि गवंडी आता कडेला सरकून चित्राच्या बाहेर गेलेत. आता तुम्ही एकटेच मावता. कपाळावरची शीर दिसते. नाकावर चष्म्याच्या खुणा दिसतात.

ताईला मी सगळं दाखवलं. ती रडली नाही. म्हणाली, "त्यांना लिही. शिकलेल्यांसारखं लिहू नकोस, विचार." म्हणून विचारतेय.

तुम्ही म्हणाल, अंधार होता, घाई होती, खाली कुणी आहे हे कळलं नाही. तसं म्हणू नका. त्या चित्रात तुमची नजर इकडेतिकडे नाही. ती थेट खाली आहे, बघणाऱ्याच्या डोळ्यांत. आणि तुमचं तोंड अर्धवट उघडं आहे. दचकलेल्या माणसाचं उघडतं तसं नाही. कुणी काही विचारल्यावर उत्तर देणाऱ्याचं असतं तसं.

साहेब, त्यांनी खालून काय विचारलं होतं, आणि तुम्ही त्यांना काय सांगितलंत?